लालासाहेबाच्या घशातला माईक

माईकवर फुंकर मारनाऱ्या मानसाचा मला लय राग येतो. सरपंच फुंकतो, हेडमास्तर फुंकतो, सत्काराला उभा राह्यलेला जावईसुदा आदी फुंकतो आन् मंग बोटानं टकटक करतो. आरं, त्यो माईक हाय, बशीतला चहा न्हवं. मी मशीनपाशी बसून दात खात असतो. माझं नाव मौला, इस्लामपूरच्या बाजारात माझं भोंग्याचं दुकान हाय. लग्न, उरूस, सभा, मैदान, कुटंबी आवाज पायजे झाला की लोक मलाच हुडकत येत्यात. एवढ्या वर्सांत माईकला येकदाबी न फुंकलेला मानूस मी येकच बगितला, त्यो म्हंजी माझा दोस्त लालासाहेब.

लालासाहेब कुस्तीचा निवेदक, तरुनपनी सोता भैरोबाच्या तालमीत घुमलेला. नोकरी साखर कारखान्यात वजनकाट्यावर केली, पर खरी हजेरी मैदानात. कडंनं गच्च मानसं, हलगी कडाडतीय, आन् मदी हौद्याच्या तांबड्या मातीत ह्यो फेटा बांधून फिरतोय. कोन कोनाला भिडला, कुनाचा पट निघाला, कोन खाली आला, समदं ह्येच्या तोंडनं. पार मागं बसलेल्या, डोळं अधू झालेल्या म्हाताऱ्यालाबी कुस्ती दिसती. आन् कुस्ती चितपट झाली की ह्यो जिकलेल्या पैलवानाचा हात वर धरतो आन् एका दमात सांगतो: पैलवानाचं नाव, बापाचं नाव, गाव, तालीम आन् शेवटाला वस्ताद. मदी श्वास घ्यायचा न्हाई. पैलवानाला चांदीची गदा मिळती, पर ज्येनं त्येला घडवला त्या वस्तादाला काय मिळतं? त्या दमातली शेवटची जागा. म्हनून वस्ताद लोक त्या वक्ताला मान ताठ करून उभं राहत्यात.

आमच्या दोघांची येक रीत हाय. मी कडंला मशीनपाशी बसतो, वायरीचं वेटोळं माझ्या हातात. त्यो पुढं गेला की वायर सोडायची, मागं आला की वडून घ्यायची. मानसांच्या गलक्यात हाक ऐकू येत न्हाई, म्हनून वायरीला येक हिसका म्हंजी आवाज वाढीव आन् दोन म्हंजी कमी कर. बिनवायरीचा माईक आला तवा मी लय हौसंनं आनला. त्येनं हातात घेतला, उलटापालटा केला आन् परत दिला. म्हनला, "मौला, ह्येला शेपूट न्हाई. तू कुटं हायस ते मला कसं कळायचं?" त्यो माईक आता लग्नात नवरदेवाचं मित्र फुंकत्यात.

गेल्या वर्साच्या चैत्रात आमच्या गावच्या मैदानात सकाळधरनं वायरीला येक येक हिसका याय लागला. मी बटन फिरवत राह्यलो. शेवटची कुस्ती उंब्रजच्या शंभूराजची व्हती. पोरगं आमच्या गावच्या नाथाजी वस्तादांच्या हाताखाली तयार झाल्यालं, आन् ह्येच्यानंतर आपन कुनाला शिकवनार न्हाई असं नाथाजींनी चावडीत सांगून टाकल्यालं. पोरानं घिस्सा मारून समोरच्याला आस्मान दावलं. लालासाहेबानं त्येचा हात वर धरला. "विजयी पैलवान शंभूराज, वडील विश्वजीत, गाव उंब्रज, तालीम भैरोबाची, वस्ताद..."

आन् थांबला. दम सपला व्हता. तोंड उघडं, पर आत येईना न् भाईर जाईना. तसाच मातीत खाली बसला. लोकांना वाटलं गडी गहिवरला, त्यांनी टाळ्या पिटल्या, हलगीवाल्यानं हलगी धरली. नाथाजी नाव ऐकायला उभं राह्यल्यालं, ते हळूच परत खाली बसलं. हे मी बगितलं आन् लालासाहेबानंबी बगितलं.

तवापास्नं त्येच्या छातीपरास ते नावच त्येला जड झालं. नाथाजी आपले हसण्यावारी न्यायचं. रस्त्यात गाठ पडली की म्हनायचं, "लाल्या, माझं नाव घेतल्याबिगर मरू नगंस रं." लालासाहेब हसायचा आन् हसता हसता दम लागून पारावर टेकायचा.

पायाला सूज आली, उशीला उशा लावून बसून झोपायची पाळी आली, तवा हरणावैनीनं, म्हंजी त्येच्या बायकूनं, त्येला सांगलीला नेला. म्हंजी मी नेला, माझ्या भोंग्याच्या टेम्पोतनं. तितं डाक्टर राजेश्वरी म्हनून येक बाई हायत्या. त्यांनी लालासाहेबाच्या छातीला गार चिकाट औषध लावलं, वर येक यंत्र टेकवलं आन् पडद्यावर त्येचं काळीज दाखवलं. मदी येक झडप, दाराच्या दोन फळ्या असत्यात तशा तिच्या दोन पाळ्या उघडझाप करत व्हत्या. त्यातली येक सैल पडलेली. दर ठोक्याला निम्मं रगत पुढं जायच्या ऐवजी मागं फुफ्फुसाकडं उसळत व्हतं, लाल-पिवळी कारंजी उडावी तसं.

मी म्हनलो, "म्याडम, हा फोटू कशानं काढला?"

"आवाजानं," त्या म्हनाल्या. "आपल्या कानाला ऐकू येत नाही असा आवाज आत सोडायचा. तो आपटून परत येतो, त्याचं हे चित्र."

मी चाटच पडलो. आवं, शाळंच्या हालमदी, मंगल कार्यालयात, आवाज भितीला आपटून परत येतो आन् घुमतो म्हनून मी जल्मभर शिव्या दिल्या. आन् ह्या बाईनं त्याच घुमण्याला कामाला लावून मानसाचं काळीज बगितलं. मला एवढा आनंद झाला की पेशंट कोन हाय ते वाईच इसरलोच. वैनीनं डोळं वटारलं तवा गप झालो.

राजेश्वरी म्याडमनी समजावून सांगितलं. वयामुळं आन् किडनीमुळं छाती उघडून आपरेशन करनं धोक्याचं. पर दुसरा मार्ग हाय. मांडीच्या शिरंतनं बारीक नळी काळजापतुर न्यायची, तिच्या टोकाला कपड्याच्या चिमट्यापरास लय बारका येक चिमटा, त्येनं दोन्ही पाळ्या मदोमद धरून ठेवायच्या. चिमटा आत कायमचा राहतो. पुण्याचं डाक्टर वीरधवल त्येच्यासाठी सांगलीला येत्यात. लालासाहेब मान डोलवत व्हता. "घाला मांडीतनं. पैलवानाची मांडी हाय."

"पण त्याआधी मला तुमच्या घशातून बघावं लागेल," त्या म्हनाल्या. "अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीमागून जाते. तिथून झडप स्वच्छ दिसते. आज थोडा वेळ, आणि ऑपरेशनच्या दिवशी सगळा वेळ माझी नळी घशात राहील."

लालासाहेब उठला. शर्टाची बटनं लावली. "मांडीतनं घाला, पोटातनं घाला. गळ्याला हात न्हाई." आन् सरळ टेम्पोत जाऊन बसला. मी लय शिव्या घातल्या, इस्लामपूर येईपतुर घातल्या. त्यो घरला आल्यावर येवढंच म्हनला, "आवाज गेला तर मी कोन रं? काट्यावरचा रिटायर मानूस."

त्येच्यापुढचं दिवस वाईट गेलं. अंगनातनं ओसरीपतुर यायला त्येला दोनदा थांबावं लागायचं. हरणावैनी तशी तोंडाची फटकळ, पर येक दिवस शेंगा फोडता फोडता शांतपनं म्हनली, "आवं, लोकांना तुमचा आवाज पायजे. मला तुमी पायजे. मुकं झाला तरी मला चालतंय, आवं उलट बरंच हाय." शेवटचं वाक्य हसत म्हनली आन् डोळ्याला पदर लावला. मी तितंच बसल्यालो. मलाबी राहवलं न्हाई. मी म्हनलो, "लाला, तू न्हाईस तर मी वायर कुनाला सोडू?" त्यो दुसऱ्या दिवशी सकाळी फेटा बांधून माझ्या दुकानासमूर उभा. "चल. त्या बाईला येक इचारायचं हाय."

राजेश्वरी म्याडमनी त्येला खुर्ची दिली. त्येनं इचारलं, "त्या पुण्याच्या डाक्टरला दिसत न्हाई का, म्हनून तुमी घशातनं बगनार?"

"त्यांच्या हातात नळी आणि चिमटा असतो," त्या म्हनाल्या. "पडदा तेही बघतात, पण चिमटा नेमका कुठं आहे हे मी सांगायचं असतं. थोडं मागं, थोडं आत, आता फिरवा, थांबा, एक पाळी सुटली, आता धरा. माझ्या हातात काही नसतं काका. मी बघते आणि बोलते. मी गप्प बसले तर त्यांचा हात आंधळा."

लालासाहेब खुर्चीत पुढं सरकला. मंग म्हनला, "म्हंजी तुमी निवेदन करता."

म्याडम हसल्या. "असंच म्हणा. फक्त माईक तुमच्या घशात ठेवावा लागतो."

"मदीच थांबत न्हाई न्हवं?"

"पकड पक्की झाल्याशिवाय नाही."

"आन् माझा आवाज?"

"घसा थोडे दिवस बसेल. कायमचा त्रास फार क्वचित होतो. होणारच नाही असं मात्र मी तुम्हाला सांगणार नाही."

हे शेवटचं वाक्य त्येला पटलं. खोटं बोलली असती तर उठला असता, मला म्हाईत हाय. म्हनला, "मंग ठेवा माईक. पर येक तक्रार हाय. एवढं निवेदन माझ्याच आत व्हनार आन् मी झोपलेला असनार, ह्यो काय न्याय न्हाई."

आपरेशनचा दिवस ठरला. सकाळी सिस्टरनी त्येची मांडी भादरून, औषधानं पुसून, चकचकीत करून ठेवली. मी खाली चहाला गेलो. आन् तेवढ्यात पैल्या एष्टीनं नाथाजी वस्ताद हजर. आता वस्तादांचं कसं हाय, तालमीतला कुठलाबी गडी मैदानाला निगाला की ते हौद्यातली मूठभर माती त्येच्या मांडीला लावल्याबिगर सोडत न्हाईत. मी वर आलो तर जिन्यातच शड्डूचा आवाज ऐकला. धडाम. दवाखान्यात शड्डू? पळत गेलो. लालासाहेब खाटंजवळ उभा, अंगात पाठीमागं नाड्या बांधलेला हिरवा झगा, आन् औषधानं पुसलेली ती मांडी तांबड्या मातीनं माखलेली. समूर वस्ताद, डोळ्यांत पानी, रिकामा रुमाल झटकत उभे.

सिस्टर आल्या, बगितलं आन् त्यांच्या हातातला ट्रे तसाच राह्यला. मंग डाक्टर वीरधवल आले. तरनाबांड मानूस, कपाळाला आठी. "हे काय आहे?"

"माती," नाथाजी म्हनाले. "साधी न्हाई. ताक, हळद, तेल, लिंबू घालून मळलेली. लय शुद्ध हाय."

माझं डोकं फिरलं. "वस्ताद, तुमाला काय कळतंय का? त्याच मांडीतनं काळजात जायचं हाय. तुमची हळद आन् ताक काळजात सोडता व्हय? आन् तू रं लाल्या, तुला शड्डू ठोकायला हीच जागा घावली?" दोघंबी हेडमास्तरापुढं उभं राह्यल्यागत खाली मान घालून ऐकत व्हते. डाक्टर वीरधवलांच्या कपाळाची आठी जागेवरच व्हती, पर तोंड आवळून हसू दाबत व्हते ते मला दिसलं. त्यांनी दुसरा पेशंट आदी घेतला आन् लालासाहेबाला परत न्हाऊ घालायला सांगितलं.

वस्ताद कोपऱ्यात स्टुलावर बसून राह्यले, पार उतरल्यालं तोंड करून. "मातीबिगर गडी कुस्तीला चाललाय," एवढंच पुटपुटत व्हते. राजेश्वरी म्याडमनी ते ऐकलं. त्यांनी रुमालाला चिकटलेली चिमूटभर माती रगताच्या तपासणीच्या रिकाम्या बाटलीत घातली, बूच लावलं आन् आपल्या भाईरच्या टेबलावर ठिवली. "माती इथं हजर आहे वस्ताद. आत नाही येणार, पण हजर आहे." म्हाताऱ्याचं तोंड लगेच उजळलं.

त्या खोलीला काचंची खिडकी असती, तिच्या अलीकडं आत चाललेलं बोलनं स्पीकरवर ऐकू येतं. घरच्या येका मानसाला वाईच वेळ तितं उभं राहू देतो म्हनाले. वैनी म्हनली, "भावजी, तुमी जावा. मला बगवनार न्हाई आन् तुमाला त्या आवाजातलं कळतंय." गेलो. लालासाहेब झोपलेला, तोंडातनं काळी नळी आत गेलेली. वीरधवल डाक्टर त्येच्या मांडीपाशी, आन् म्याडम डोक्यापाशी पडद्याकडं बगत उभ्या. आवाज येकदम सपाट, घाई न्हाई, गडबड न्हाई.

"थोडं मागं. अजून. बास. आता खाली. चिमटा उघडा. दोन्ही पाळ्या दिसतायत. वर घ्या, सावकाश. धरा."

मी काचंजवळ सरकलो.

"नाही. पुढची आत आहे, मागची सुटली. सोडा. परत खाली."

मैदानात पट काढता काढता गड्याचा हात निसटावा तसं झालं. पर बाई थांबली न्हाई. त्याच सुरात बोलत राह्यली. "फिरवा थोडं. डावीकडं. हं. वर या. मागची आली. पुढची आली. दोन्ही आत. आता धरा. धरली."

आन् पडद्यावरचं ते लाल-पिवळं कारंजं, जे दर ठोक्याला उसळत व्हतं, ते बसलं. उगं येक बारकी शिंतोड राह्यली. मी काचंला हात लावून लहान पोरागत रडलो. भाईर वैनीला सांगायला गेलो तर तोंडातनं शब्द फुटंना, निसता दोन हातांनी चिमटा धरून दाखवला. तिला काय कळायचं ते कळलं. तिनं माझा हात धरला आन् नाथाजींना म्हनली, "चितपट झाली."

त्या दिवसापास्नं लालासाहेब येका उशीवर आडवा झोपाय लागला. पायाची सूज उतरली. पारापतुर चालत जायाचा, मंग वड्यापतुर, मंग कारखान्याच्या कमानीपतुर. समदं झ्याक झालं. येक सोडून. त्यो बोलंना. म्हंजी बोलायचा, पर कानात सांगितल्यागत, पुटपुटत. म्याडमनी तपासलं, घसा बरा हाय म्हनाल्या, बोला म्हनाल्या. त्यो मान डोलवायचा आन् परत पुटपुटायचा. वैनी म्हनायची, "घरात येवढी शांतता मला लग्नापास्नं ठावं न्हाई. भीतीच वाटती." चैत्र तोंडावर आला. यात्रा कमिटीचं लोक इचारून जायाचं, निवेदनाला कुनाला सांगू? मी म्हनायचो, सांगू नगा कुनाला.

शेवटी मी येक दिवस त्येच्यावर उखडलो. "आवाज फुटत न्हाई का तूच फोडत न्हाईस, ते येकदा सांग."

त्यो माझ्या कानाशी आला. "मौला, डबा उघडला आन् आत काय नसलं तर? उघडला न्हाई तवर आत हाय." मला त्येच्यावर लय माया आली, आन् तेवढाच रागबी आला. म्हनलो, "मंग मैदानातच उघड. माझ्या मशीनला साक्षी ठेवून."

मैदानाच्या दिवशी त्यो फेटा बांधून आला. मानसं नुस्ती येकमेकाच्या खांद्यावर. पुढच्या रांगंत नाथाजी, त्यांच्या शेजारी हरणावैनी, आन् वैनीच्या शेजारी चक्क राजेश्वरी म्याडम. सांगलीहून आल्या व्हत्या. म्हनाल्या, "माझं निवेदन यांच्या घशात झालं, यांचं ऐकायला नको?" त्यांनी पर्समधनं ती बूच लावलेली बाटली काढली आन् नाथाजींच्या हातात दिली. वस्तादांनी माती परत हौद्यात सोडली, हात कपाळाला लावला.

मी आदीच मशीनचं बटन पार शेवटाला नेऊन ठेवलं व्हतं. म्हनलं, आवाज कितीबी बारका आला तरी मी त्यो उचलून धरीन, भोंग्याला शीळ आली तरी चालंल. वायरीचं वेटोळं हातात घेतलं.

लालासाहेब हौद्याच्या मदोमद गेला. माईक तोंडाशी धरला. फुंकर न्हाई, टकटक न्हाई. हलगी थांबली. गर्दी थांबली. त्येनं छाती भरून श्वास घेतला, येवढा मोठा की मला मशीनपाशी ऐकू आला. सालाबादप्रमानं गावाला नमस्कार, पाव्हन्यांचं स्वागत, असं कायतरी म्हनंल असं समद्यांना वाटलं. त्येनं नमस्कारबी केला न्हाई. गेल्या वर्साचंच पुढं धरलं.

"विजयी पैलवान शंभूराज, वडील विश्वजीत, गाव उंब्रज, तालीम भैरोबाची, वस्ताद नाथाजी."

एका दमात. ह्या कडंपास्नं त्या कडंपतुर, वरच्या उसाच्या फडापतुर. पोरं गोंधळली, अजून येकबी कुस्ती लागली न्हाई आन् विजयी कोन? पर म्हाताऱ्यांना समजलं. नाथाजी उभे राह्यले. ह्या येळंला ते खाली बसले न्हाईत, फेटा सारखा करून तसेच ताठ उभे राह्यले, आन् मानसं त्यांच्याकडं वळून टाळ्या पिटाय लागली. वैनी पदर तोंडात धरून हसत व्हती. म्याडम पडदा बगावा तशा डोळं न हलवता लालासाहेबाकडं बगत व्हत्या.

माझं डोळं भरल्यालं, मला मशीन दिसत न्हवतं. तेवढ्यात हातातली वायर हलली. येक हिसका. म्हनलं, आता बटन अजून कुटं वाढवू? आन् लगेच दुसरा हिसका आला.

मी डोळं पुसलं आन् आवाज कमी केला.